गांगुर्डेबाईंनी लिहिलेली ओळ

"ज्या बाईचं रक्त आहे, ती बाई कुठं आहे?"

रिपोर्ट घ्यायला कुणाचा नवरा, सासरा किंवा दीर आला की शकुंतला गांगुर्डे काउंटरवरून हा प्रश्न विचारायच्या. हळू आवाजात तर मुळीच नाही. बाकावर बसलेली माणसं माना वर करून बघायची. समोरचा माणूस गडबडून म्हणायचा, "ती घरी आहे, माझ्याकडं द्या ना." त्यावर बाई म्हणायच्या, "तुमचं रक्त काढलं की तुमचा रिपोर्ट तुम्हाला देईन. हा तिचा आहे. तिला घेऊन या." निम्मे लोक चिडून सरांकडं तक्रार घेऊन जायचे. उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी खरंच बायकोला घेऊन यायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या लॅबमध्ये टायपिस्ट म्हणून लागले. वीस वर्षांची होते. रोज सिन्नरहून एसटीनं यायचे. लॅब गंगापूर रोडच्या एका गल्लीत होती आणि आजूबाजूला सगळे डॉक्टरच. लॅबचे मालक पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. गांगुर्डेबाई तिथल्या मुख्य टेक्निशियन. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात धुऊन धुऊन पिवळट पडलेला कोट. मूळच्या दिंडोरीकडच्या. एरवी अगदी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की गावाकडची भाषा बाहेर यायची. ती रोज यायची.

त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. गेलेल्या माणसाला प्रेमळ करून टाकायची आपल्याकडं पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एका रिपोर्टात दशांशाचं टिंब चुकलं. सगळ्यांसमोर तो कागद माझ्या नाकापुढं धरून त्या म्हणाल्या, "टिंब चुकलं म्हणजे बाई चुकली. ह्या कागदाला हात-पाय हायेत, कळलं का? हा जाऊन कुणाच्या तरी घरात बसणार हाय." मी संडासात जाऊन रडले. त्या दिवसापासून मी प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचायला लागले.

त्याच सुमारास सरांनी हार्मोनच्या रक्ततपासण्यांचं यंत्र घेतलं. तोवर गरोदरपणाची खात्री लघवीच्या चाचणीवर व्हायची, आणि ती फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगायची. किती आहे हे हवं असेल तर रक्त मुंबईला पाठवावं लागे. रिपोर्ट यायला तीन-चार दिवस जायचे, तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. आता तो आकडा दुपारपर्यंत आमच्याकडंच मिळू लागला. बाईंनी ते यंत्र जणू दत्तकच घेतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

एकदा डबा खाताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "गर्भ राहिला की हे हार्मोन रक्तात येतं. सुरुवातीला दोन-तीन दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. उतरायला लागलं तर समजायचं, गर्भ टिकत नाहीये. आणि रखडत रखडत वाढलं तर घाबरायचं. कधी कधी काही नसतंही, पण घाबरून बघायचं. कारण गर्भ पिशवीत नसून नळीत अडकलेला असू शकतो. नळी फुटली की सगळं रक्त आत पोटात साचतं. बाहेर चार थेंब दिसतात आणि बाई जाते."

म्हणून एकदा तपासून भागत नाही. दोन दिवसांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं. बरेच डॉक्टर एकदाच तपासणी लिहायचे आणि आकडा बघून "गरोदर आहे" म्हणून मोकळे व्हायचे. बाई पेशंटला सांगायच्या, "एका आकड्यावरून मी एवढंच सांगू शकते, की तुम्ही आज इथं आला होतात. परवा परत या." मग डॉक्टरला फोन करून सांगायच्या की परवाची चिठ्ठी द्या. दोन-तीन डॉक्टर ऐकायचे, बाकीचे हसायचे. एक जण तर सरांना म्हणाले होते, "तुमच्या टेक्निशियनला दवाखाना काढून द्या." सरांनी ते आम्हाला हसत हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

मनीषा आली ती एका सोमवारी. मखमलाबादची, बावीस-तेवीस वर्षांची, सोबत सासू. घरची झेंडूची शेती होती, तिच्या नखांत पिवळा रंग बसला होता. दिवस राहून सहा आठवडे झाले होते, थोडं लाल जात होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली होती. पिशवीत काही दिसलं नव्हतं, पण ते म्हणाले होते, "अजून लहान आहे, दिसेल." रक्त काढताना बाईंनी विचारलं, "पोटात दुखतं का?"

"उजव्या अंगाला. खाली."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. गॅस असंल म्हणले."

बाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यांनी तिला बुधवारी परत बोलावलं. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, तरी बोलावलं. बुधवारी सकाळी ती आली, रक्त देऊन गेली. दुपारी आकडा आला. सोमवारी अठराशे चाळीस होता, बुधवारी एकवीसशे दहा.

बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारीच होते, रिसीव्हरमधला आवाज मला ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाले, "वाढलाय ना आकडा? मग झालं तर."

"वाढलाय सर, पण वाढायला पाहिजे तेवढा नाही. पिशवी रिकामी, एका बाजूला दुखतंय. आज ॲडमिट करून घ्या."

"बाई, आकडा देणं तुमचं काम. अर्थ आम्ही लावू."

फोन ठेवला गेला. बाईंनी पुन्हा लावला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, सर पेशंट बघताहेत. तिसऱ्यांदा लावला तर ती म्हणाली, सरांनी सांगितलंय, लॅबचा फोन द्यायचा नाही.

"वाढलाय ना? मग झालं तर." इतक्या वर्षांनी हे शब्द लिहितानाही पेन कागदात रुततं. शिकलेला माणूस, भिंतीवर पदव्या टांगलेल्या. सोमवारचा आकडा आणि बुधवारचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघण्याइतकी फुरसत त्याला नव्हती. आणि एका टेक्निशियनचं, त्यातही एका बाईचं ऐकण्याइतकं मोठं मन तर नव्हतंच.

मी टाइप केलेला रिपोर्ट बाईंनी समोर ओढला आणि खाली लाल पेनानं एक ओळ लिहिली. रिपोर्ट नेहमीसारखा इंग्रजीत होता, ही ओळ मराठीत होती. "वाढ कमी आहे, गर्भ नळीत असू शकतो, आजच मोठ्या दवाखान्यात दाखवा, थांबू नका." ती ओळ डॉक्टरसाठी नव्हतीच. मनीषा दहावी शिकलेली होती, हे बाईंनी सोमवारीच विचारून घेतलं होतं.

तेवढ्यात सरांनी बाईंना एका म्हाताऱ्या पेशंटचं रक्त घरी जाऊन आणायला सांगितलं. जाताना बाई मला म्हणाल्या, "पाचला ती येईल. तिच्याच हातात दे, सासूच्या नाही. ही ओळ मोठ्यानं वाचून दाखव."

त्या गेल्या आणि सर माझ्या टेबलापाशी आले. त्यांना त्या डॉक्टरांचा फोन आला होता. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी लाल ओळ वाचली. चिडले नाहीत. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "वैशाली, निदान करणं आपलं काम नाही. उद्या काही निघालं नाही तर ते आपल्यालाच धरतील. नवीन कागदावर टाइप कर. फक्त आकडा."

त्या डॉक्टरांकडून आमच्याकडं रोज किती पेशंट यायचे हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. मी नवीन कागद टाइपरायटरला लावला. टाइप करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोनदा वाचला, टिंब वगैरे सगळं बरोबर होतं. सरांनी सही केली आणि जुना कागद घडी करून खिशात टाकला.

पाच वाजता मनीषा आली. मागे सासू होती. मी पाकीट मनीषाच्याच हातात दिलं. बाईंचं तेवढं एक ऐकलं.

तिनं विचारलं, "ताई, बाईंनी काय निरोप ठेवलाय का?"

"डॉक्टरांना दाखवा."

"आमचे डॉक्टर आता उद्याच भेटतील. उद्या चालंल ना?"

मी म्हणाले, "चालेल."

सहा वाजता बाई परत आल्या. कोट काढता काढता विचारलं, "दिलास?" मी म्हटलं, दिला. "वाचून दाखवलंस?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि त्या निर्धास्त घरी गेल्या. माझं "हो" ऐकलं नसतं तर त्या तशाच रिक्षा करून मखमलाबादला गेल्या असत्या, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

गुरुवारी सकाळी मनीषा घरात भाकरी थापताना कोसळली. फुलं बाजारात न्यायला टेम्पो दारात उभा होता, त्यातली फुलं खाली टाकून तिला त्यात घातलं. आधी त्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी बघून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं पोचेपर्यंत ती गेली होती.

आम्हाला हे कळलं ते सोमवारी. मनीषाचा नवरा संतोष लॅबमध्ये आला. सातपूरला एका कंपनीत कामाला होता, कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट. तो भांडायला आला नव्हता, हे मला जास्त लागलं. तो बाईंना म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, लॅबच्या रिपोर्टात काही नव्हतं. मला फक्त समजून सांगा. काही नव्हतं, तर ती गेली कशानं?"

बाईंनी कागद हातात घेतला आणि उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

"माझी ओळ कुठंय?"

सर केबिनमधून बाहेर आले होते. ते म्हणाले, "कसली ओळ? रिपोर्ट माझ्या सहीचा आहे."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वैशाली, मी लाल पेनानं लिहिलं होतं. तू बघितलंस. तुझ्याकडं दिलं होतं. ह्यांना सांग."

बाकावर पाच-सहा पेशंट होते. संतोष माझ्याकडं बघत होता. सर माझ्याकडं बघत होते. सिन्नरला माझ्या वडिलांचं काम सुटून आठ महिने झाले होते. हे कारण मी आयुष्यभर स्वतःला देत आले आहे, आणि ते कारण नाही.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

गांगुर्डेबाई ओरडल्या नाहीत. त्या दिवशी तरी ओरडायला हवं होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, यंत्राच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि संतोषला म्हणाल्या, "चला, मी सांगते तुम्हाला." दोघं जिना उतरून गेले. पंधरा वर्षांची नोकरी अशी संपली. पुढं संतोषनं तक्रार केली असं ऐकलं. तिचं काहीच झालं नाही. कागदावर फक्त आकडा होता, ओळ पाहिलेली एकच साक्षीदार होती, आणि तिला आठवत नव्हतं.

मी त्या लॅबमध्ये आणखी अडीच वर्षं काम केलं. मग लग्न झालं आणि आम्ही सातपूरला राहायला आलो. नवरा तिथल्याच कारखान्यात. तीन वर्षांनी दिवस राहिले. सातव्या आठवड्यात थोडं लाल दिसलं, डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीची चिठ्ठी दिली. "कॉलनीतच एक लहान लॅब आहे," त्या म्हणाल्या, "तिथल्या गांगुर्डेबाई सांगतील तसं करा." मी दुसरीकडं जाऊ शकले असते. नाही गेले.

त्या तशाच होत्या, फक्त केस पांढरे झालेले. मला ओळखलं. बस म्हणाल्या, दंडाला पट्टा बांधला, पहिल्या टोचणीत शीर सापडली. "दुखतं का?" नाही, म्हटलं. "परवा परत ये. नाही आलीस तर मी घरी येईन." ती धमकी नव्हती, रोजचं काम होतं, हे मला शेजारणींकडून नंतर कळलं. शिफ्टवाल्यांच्या चाळींतून बाई मोपेडवर फिरायच्या. दुसऱ्या तपासणीला न आलेल्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. सासवांशी भांडायच्या. त्र्यंबक रोडच्या गावांतले लहान-मोठे डॉक्टर आता त्यांच्या फोनची वाट बघायचे. किती जणींना त्यांनी वेळेत दवाखान्यात पोचवलं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी परत गेले, तर माझा आकडा रखडलेला आला. बाईंनी त्याच वेळी डॉक्टरीणबाईंना फोन केला, लॅबला कुलूप लावलं आणि मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. गर्भ नळीतच होता, लहान होता, नळी शाबूत होती. शस्त्रक्रिया न करता इंजेक्शनवर निभावलं. पण इंजेक्शननंतर ते हार्मोन पार उतरेपर्यंत रक्त तपासत राहावं लागतं. पहिल्या आठवड्यात दोनदा गेले, नंतर दर आठवड्याला. एकूण सहा आठवडे मी त्या खुर्चीत बसले. बाई रक्त काढायच्या, आकडा सांगायच्या, "अजून शून्य नाही," म्हणायच्या. दुसरा शब्द नाही.

शून्य आलं त्या दिवशी मी रडायला लागले. म्हटलं, "बाई, मी तेव्हा..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "तुला वाचवलं ते पेशंट म्हणून. ते माझं काम हाय. माझी माफी मागू नको, माझं काय गेलंय? नोकरी दुसरी मिळाली. मखमलाबादला जा."

मी गेले नाही. एकदा बसमध्ये बसले आणि अर्ध्या वाटेत उतरले. एकदा मुलगा आजारी पडला. हो, पुढं मला मुलगा झाला, आणि त्या खेपेचे आकडेही बाईंनीच तपासले. एकदा वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला त्या लोकांची जखम उकरायची? भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या जखमेची फार काळजी असते. दरवेळी रक्त द्यायला गेले की बाई विचारायच्या, "जाऊन आलीस?" मी मान खाली घालायचे. पुढं त्यांनी विचारणं सोडलं.

मग त्या आजारी पडल्या. पोटाचा कॅन्सर, चार महिन्यांत संपलं. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा गल्ली बायकांनी भरली होती. कित्येकींच्या कडेवर पोरं. माझे जुने सरही आले होते, दोन शब्द बोलले. म्हणाले, "शकुंतलाबाई अत्यंत शिस्तप्रिय होत्या. आमच्या संस्थेला त्यांचा अभिमान आहे." मी दारापाशी उभी होते. मला राग आला होता, आणि तो राग नुसता सरांवरचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मखमलाबादला गेले. घर विचारत विचारत सापडलं. संतोष कामावर गेला होता. ओट्यावर सासू बसली होती, आता अगदी म्हातारी, पुढ्यात झेंडूचा ढीग. मी नाव सांगितलं, लॅबचं सांगितलं. मग उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. लाल ओळ, सरांचा खिसा, नवीन कागद, "उद्या चालेल" आणि "आठवत नाही". काही वगळलं नाही.

म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बस म्हणाली नाही.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्या उंच बाईनं तवाच सांगितलं व्हतं. संतोष तुझ्या घरी यायला निघाला व्हता, सिन्नरला. तिनंच आडवलं. म्हणली, पोर लहान हाय, भ्यालीय. तिला जबरदस्ती करू नका, ती आपल्या पायानं यील आन् खरं सांगंल."

तिनं ढिगातलं एक फूल उचललं, सुकलं होतं ते बाजूला टाकलं.

"आम्ही लय वाट पाह्यली बाई. केस चालू व्हती तवर पाह्यली. आता काय करू मी तुझ्या खऱ्याचं?"